दोरी सैल करायची की ताणायची? ड्रॉप-अवे रेस्टला घासणाऱ्या व्हेनचं एक प्रकरण

सहा बाणांचा एंड, म्हणजे एका खेपेला सोडायचे सहा बाण. पाच बाण पिवळ्यात, सहावा लालात, आठवर. पुढच्या एंडला पुन्हा तेच, फक्त आठवर जाणारा बाण वेगळा आणि जागाही वेगळी. कधी घड्याळाच्या चारच्या बाजूला, कधी थेट सहाच्या खाली. विदर्भातल्या एका सतरा वर्षांच्या कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याच्या) तिरंदाज मुलीची ही तक्रार. तिचे वडील तिला आणि तिचं धनुष्य घेऊन माझ्याकडे आले, तोवर तक्रार चांगलीच जुनी झाली होती.

"सर, बाकीचे बरोबर जाते, मधातच एखादा कुठं पळते ते समजूनच नाही राहिलं," वडील म्हणाले.

मुलगी गप्प उभी होती. रिलीज (बाण सोडताना हात) झटकतेस, मनगट पिळतेस, शेवटच्या क्षणी मन कच्चं होतं, असं तिला ज्याने त्याने सांगून झालं होतं. तिने ते सगळं खरं मानून रिलीजची पद्धत दोनदा बदलली होती. मला या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच वाटते. कारण दोष तिच्या हातात नव्हता, धनुष्यावरच्या एका दोरीत होता, आणि तो डोळ्यांना दिसण्याजोगा होता.

आधी हिशोब मांडू. कंपाउंडची फेरी 50 मीटरची, टार्गेट 80 सेंटिमीटरचं, त्यातला दहाचा गोल फक्त 8 सेंटिमीटर व्यासाचा. बाण आठवर लागला म्हणजे मध्यापासून साधारण 10 सेंटिमीटर सरकला. 50 मीटरवर 10 सेंटिमीटर म्हणजे कोनात एका अंशाचा जेमतेम नववा भाग. बाणाच्या शेपटीला जाता जाता हलकासा धक्का लागला तरी एवढं वाकडं होतं. पात्रता फेरीत 72 बाण, म्हणजे 12 एंड. प्रत्येक एंडमागे दोन गुण गेले तर 720 पैकी 24 गुण वाया गेले. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढत 150 विरुद्ध 149 अशी जिंकली आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीने 149 विरुद्ध 147. वरच्या पातळीवर एका गुणाला काय किंमत असते ते यावरून कळावं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आल्यापासून आपल्याकडच्या जिल्ह्याजिल्ह्यांत मुलं कंपाउंडकडे वळत आहेत. धनुष्यं येतात, पण ती लावून देणारे हात त्या मानाने कमी आहेत.

आता तिचं साहित्य. ड्रॉ वेट (ताणायला लागणारा जोर) 48 पौंड, ड्रॉ लेंग्थ (ताणायची लांबी) साडेसव्वीस इंच, ब्रेस हाइट (न ताणलेल्या धनुष्याच्या ग्रिपपासून प्रत्यंचेपर्यंतचं अंतर) 7 इंच. बारीक कार्बन शाफ्ट (बाणाची काडी), त्याला शेपटीकडे पावणेदोन इंची बुटक्या तीन व्हेन, म्हणजे पिसांच्या जागी लावायच्या पात्या. नेम उजव्या हाताचा. क्रोनोग्राफवर बाणाचा वेग सेकंदाला 250 फूट, म्हणजे 76 मीटर. रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचा आधार, ड्रॉप-अवे (शॉट सुटल्यावर खाली पडणारा), खालच्या लिंबला (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला) बारीक दोरी बांधून चालणारा. याआधीच्या धनुष्यावर तिच्याकडे केबलला (कप्प्यांना जोडणाऱ्या दोराला) बांधून चालणारा रेस्ट होता. हा बदल प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून लक्षात ठेवा.

बाणांना तिने आकडे घातलेले होते आणि कुठला बाण कुठे लागला हे वहीत लिहून ठेवलं होतं. त्या वहीने माझं अर्धं काम केलं. पळणारा बाण दर वेळी निराळ्या आकड्याचा होता. एखाद्या बाणाचा शाफ्ट तडकला असता, नॉक (शेपटीची खाच) तिरकी बसली असती किंवा व्हेन सुटत आली असती, तर तोच आकडा परत परत दिसला असता. तसं नव्हतं, म्हणजे बाण निर्दोष. मग एक तर तिरंदाज, नाही तर धनुष्य.

व्हेन हातात घेऊन उन्हात तिरप्या धरल्या. जवळजवळ प्रत्येक बाणाच्या एकाच व्हेनची पुढची कड किंचित मुडपलेली होती. दोन बाणांवर ती व्हेन नवी चिकटवलेली दिसत होती. मी विचारलं, "ही व्हेन सुटते का गं सारखी?" ती म्हणाली, "हो सर, हीच सुटते. गोंद खराब असेल म्हणून बदलला." मग रेस्ट पाहिला. रेस्टचं लाँचर म्हणजे व्ही आकाराचं बारीक दुबेळकं. त्याच्या उजव्या काट्याच्या आतल्या कडेला गुलाबी रंगाची पुसट रेघ होती, आणि तिच्या तीनपैकी दोन व्हेन गुलाबीच होत्या.

तिथेच निदान झालं असं मात्र मी मानत नाही. रंगाची रेघ आत्ताची आहे की मागच्या महिन्याची, हे रेघ पाहून कळत नाही. काटे स्पिरिटने स्वच्छ पुसले, व्हेनवर पायाला मारायच्या पावडरचा फवारा मारला. तो पातळ, कोरडा आणि सारखा बसतो. घरातली टाल्कम पावडरही चालते, पण ती गोळा होऊन आपोआप गळते आणि मग नसलेली खूण दिसते. काट्यांच्या आतल्या कडांना लिपस्टिकचा पातळ हात दिला. बट (बाण अडवणारा गठ्ठा) दहा पावलांवर ठेवून तिला एकेक बाण सोडायला सांगितलं आणि बाण बटमधून काढताना व्हेनला कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही. बाण काढतानाच पावडर पुसली गेली तर सगळी तपासणी वाया जाते.

जवळजवळ प्रत्येक बाणाच्या खालच्या व्हेनवर लाल रेघ होती. बहुतेकांवर केसाएवढी, एक-दोघांवर चांगली ठळक, आणि तिथली पावडरही खरवडलेली. म्हणजे घासत जवळजवळ सगळेच बाण होते. बहुतेक वेळा ते हलकं आणि सारखं घासणं असे, ते साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) आकड्यात जिरून जाई. अधूनमधून मात्र शेपूट एखादा मिलिमीटर खाली राही, व्हेन काट्याला जोरात लागे आणि तो बाण आठवर जाई. हातातला नेहमीचा फरक, जो चांगल्यातल्या चांगल्या तिरंदाजाच्या शॉटमध्येही असतो, तो इथे दहापट महाग पडत होता.

ड्रॉप-अवे रेस्ट असूनही व्हेन घासते कशी, हा वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता. रेस्ट खाली पडतो म्हणूनच तर तो बसवतात.

त्यासाठी वेळेचं गणित बघावं लागतं. फुल ड्रॉपासून (पूर्ण ताणलेल्या स्थितीपासून) ब्रेस हाइटपर्यंत तिची स्ट्रिंग, म्हणजे बाण फेकणारी प्रत्यंचा, साधारण 45 सेंटिमीटर धावते. 76 मीटरचा वेग गाठेपर्यंत बाणाला 12 मिलिसेकंद लागतात असं धरू. स्ट्रिंगने बाण सोडला त्या क्षणी व्हेनचं पुढचं टोक रेस्टच्या मागे सव्वाचार इंचांवर असतं. ते अंतर कापायला दीड मिलिसेकंदही लागत नाही, आणि आणखी अर्ध्या मिलिसेकंदात पूर्ण व्हेन रेस्टवरून निघून गेलेली असते. म्हणजे शॉट सुटल्यापासून सुमारे 13 मिलिसेकंदांच्या आत काटे पूर्ण खाली जाऊन तिथेच टिकून राहायला हवेत. पुष्कळ लोक मोबाइलवर स्लो मोशन काढून "रेस्ट पडतोय की" म्हणतात. मोबाइलच्या सेकंदाला 240 फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये 4 मिलिसेकंदांहून जास्त अंतर. त्या फटीत व्हेन येऊन, घासून, निघूनही गेलेली असते. व्हिडिओ बघावा, पण घासण्याचा निकाल त्यावर देऊ नये. पावडर खोटं बोलत नाही.

आता दोन प्रकारच्या रेस्टमधला फरक. केबलवर चालणाऱ्या रेस्टमध्ये स्प्रिंग काट्यांना खाली ओढत असते. धनुष्य ताणलं की केबल खाली जाते, तिला बांधलेली दोरी ताणली जाते आणि काटे वर येतात. बाण सोडला की दोरी सैल होते आणि स्प्रिंग काट्यांना पाडते. इथे दोरी आखूड असेल तर काटे ड्रॉमध्ये लवकर वर येतात आणि शॉटमध्ये उशिरा पडतात. म्हणून या रेस्टवर व्हेन घासायला लागली की जाणकार सांगतात, दोरी थोडी सैल कर, म्हणजे काटे ड्रॉच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत वर येतील आणि शॉट सुटताच पडतील. सल्ला बरोबर आहे.

लिंबवर चालणाऱ्या रेस्टमध्ये सगळं उलटं असतं. इथे स्प्रिंग काट्यांना वर ढकलते आणि दोरी त्यांना खाली दाबून धरते. धनुष्य ताणलं की लिंब वाकते, दोरी सैल पडते, काटे उठतात, तेही ड्रॉच्या सुरुवातीलाच. शॉट सुटल्यावर लिंब आपल्या जागी परतते आणि शेवटच्या टप्प्यात दोरीला झटका देऊन काटे खाली ओढते. बाणाला जास्त वेळ आधार मिळतो, टार्गेटवाल्यांना हा रेस्ट आवडतो तो याचसाठी. पण याची किंमत अशी की काटे मुळातच उशिरा पडतात, हाताशी मोकळी जागा थोडी. इथे दोरी सैल झाली तर काटे आणखी उशिरा पडतात, आणि जास्त सैल झाली तर पूर्ण खाली जातच नाहीत. लक्षण एकच, व्हेन घासते. उपाय मात्र एका रेस्टला दोरी सैल करणं आणि दुसऱ्याला ताणणं.

मुलीला विचारलं तेव्हा उलगडा झाला. नवा रेस्ट बसवल्यावर काही आठवड्यांनी व्हेन सुटायला लागल्या. तिने आधीचं धनुष्य लावून देणाऱ्याला फोन केला. त्यांना रेस्ट बदलल्याचं ठाऊक नव्हतं, हिच्याही ते सांगायचं मनात आलं नाही. त्यांनी दोरी सैल करायला सांगितलं. तिने केली. घासणं वाढलं. तिने आणखी सैल केली.

मुळात सुरुवातीला घासलं कशामुळे, तर नव्या दोरीमुळे. या बारीक दोऱ्या पहिल्या काहीशे शॉटमध्ये बसतात, थोड्या लांबतात. त्यात विदर्भातला उन्हाळा आणि गाडीच्या डिकीत ठेवलेलं धनुष्य. लिंबवरचा, दोरी धरून ठेवणारा क्लॅम्पही किंचित सरकला होता, त्याच्या जुन्या जागेची धुळीची रेघ लिंबवर स्पष्ट दिसत होती. धनुष्य नुसतं उभं असताना काटे शेल्फवर (रेस्टखालच्या कट्ट्यावर) सपाट पडलेले असायला हवेत. तिचे काटे चांगले 4 मिलिमीटर वर उभे होते. बोटाने दाबले की जात होते, बोट काढलं की स्प्रिंग त्यांना पुन्हा वर आणत होती. ही तपासणी करायला काही लागत नाही. ना पावडर, ना कॅमेरा, ना बाण. लिंबवर चालणारा रेस्ट ज्याच्याकडे असेल त्याने हे दाबून बघणं रोज करावं.

दुरुस्तीला बो प्रेसही (धनुष्य दाबून स्ट्रिंग आणि केबल मोकळ्या करणारं यंत्र) लागली नाही. एका बोटाने काटे तळाच्या स्टॉपपर्यंत दाबून धरले, क्लॅम्प सैल करून दोरीतला झोल काढला, वर मिलिमीटर-दीड मिलिमीटर आणखी ताण दिला आणि क्लॅम्प घट्ट केला. दोरी आपल्या जागी आल्यावर काटे थोडे सुद्धा उचलले जाऊ नयेत, म्हणून तो जादा ताण. तो अति झाला तरी घोटाळा होतो. फुल ड्रॉवरही दोरी सैल पडत नाही, काटे पूर्ण वर येत नाहीत, बाण खालून लटकतो आणि नॉकची उंची काही केल्या जुळत नाही. म्हणून ड्रॉ बोर्डवर धनुष्य चढवून विंचने हळूहळू ताणलं. माझा ड्रॉ बोर्ड म्हणजे जाड फळी, त्यावर ग्रिपसाठी खुंटी आणि एका टोकाला हातविंच, इतकंच. इंचाइंचाने ताणत काटे कधी उठायला लागतात, कधी पूर्ण वर येतात, हे मुलीला स्वतःलाच पाहायला लावलं. फुल ड्रॉवर दोरी बोटाने हलवली तर ढिली लागली. तिथे काम पुरं झालं. ड्रॉ बोर्ड नसेल तर बाण लावून बटसमोर धनुष्य ताणावं आणि दुसऱ्याने बाजूने बघावं. बाण न लावता स्ट्रिंग सोडायची नाही, हे वेगळं सांगायला नको, पण मुलांना सांगावं लागतं.

पुन्हा पावडर, पुन्हा लिपस्टिक. खालची व्हेन स्वच्छ. मात्र दोन बाणांच्या एका व्हेनच्या टोकावरची पावडर अजून जात होती, आणि तिथे लाल रंग नव्हता. म्हणजे काट्याचा संबंध नव्हता, दुसरंच काहीतरी लागत होतं.

ते दोन बाण वेगळे कशाने, तर त्यांच्या नॉक फिरवलेल्या होत्या. दोरीने काम होईना म्हणून मध्यंतरी कोणीतरी तिला तीनपैकी वेगळ्या रंगाची व्हेन सरळ वर ठेवायला सांगितलं होतं. तिने काही दिवस सगळेच बाण तसे करून पाहिले, फरक न पडल्याने परत फिरवले, आणि हे दोन तसेच राहून गेले. उजव्या हाताच्या धनुष्यावर केबल बाणाच्या उजव्या अंगाला, घड्याळाच्या तीनच्या जागी असतात. वेगळ्या रंगाची व्हेन बाराला ठेवली तर उरलेल्या दोन चारला आणि आठला येतात. काट्यांपासून त्या दूर जातात खऱ्या, पण चारची व्हेन केबलच्या जवळ सरकते. हिच्या धनुष्याचा केबल गार्ड (केबल बाजूला धरणारा दांडा) तर बराच आत फिरवलेला होता. केबलच्या सर्व्हिंगवर (दोऱ्याच्या गुंडाळीवर) पावडरीचा पांढरा ठिपका सापडला. म्हणजे त्या काळात रेस्टचं घासणं जाऊन केबलचं आलं होतं, आणि तिला वाटलं काहीच बदललं नाही.

केबल गार्ड बाहेर फिरवणं हा एक मार्ग होता. तो मी घेतला नाही. गार्ड बाहेर गेला की केबलचा बाजूचा ओढ वाढतो, धनुष्य पिळायला बघतं, आणि आधीच मनगटाचा धसका घेतलेल्या मुलीला ते देण्यात अर्थ नव्हता. वेगळ्या रंगाची व्हेन डावीकडे नऊला ठेवली की बाकीच्या दोन एकला आणि पाचला जातात, तीनची जागा रिकामी राहते. पाचची व्हेन काट्यावर येते, पण काटे आता खाली पडत होते. त्या दोन बाणांच्या नॉक बाकीच्यांसारख्या फिरवल्या आणि शाफ्टवर सगळ्यांना बारीक खूण केली.

मग पेपर ट्यूनिंग, म्हणजे कागदातून बाण सोडून भोकाच्या आकारावरून धनुष्य जुळवणं. कागदावर आधी जे भोक दर शॉटला नवा आकार घेत होतं, ते आता एकसारखं पडू लागलं. शेपूट किंचित उंच दाखवत होतं, तेवढी नॉकिंग पॉइंटची (स्ट्रिंगवर नॉक बसते त्या जागेची) उंची अर्ध्या मिलिमीटरने उतरवली. भोक दर वेळी बदलतंय तोवर रेस्टचा किंवा नॉकिंग पॉइंटचा स्क्रू फिरवण्यात काही हशील नसतं. आधी घासणं थांबवायचं, ट्यूनिंग त्यानंतर. व्हेन नसलेला बाण 20 मीटरवर बाकीच्यांच्या शेजारी जाऊन बसला तेव्हा मी तिला 50 वर जायला सांगितलं.

पहिल्या एंडचे सहाही बाण वर गेले, नऊच्या वरच्या कडेला. ती घाबरली. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. पण सहाही बाण मुठीत मावतील इतके जवळ होते. इतके दिवस प्रत्येक बाण थोडा घासत होता आणि तिने साइट त्या घासण्याला जुळवून घेतली होती. घासणं गेल्यावर सगळा गट हलणारच. साइट चार क्लिक हलवली, पुढचा एंड पिवळ्यात. त्यापुढचाही. एखादा नऊ येत होता, पण तो कसा गेला हे तिला सोडतानाच कळत होतं. ती मागे वळून म्हणाली, "सर, हा माझा होता. उशिरा सोडला." आपल्या चुकीचा बाण आणि धनुष्याच्या चुकीचा बाण यांतला फरक तिला आता हातात जाणवत होता, आणि प्रशिक्षकाला शिकवायला तेवढं पुरतं.

रिलीजची पद्धत तिने नंतर मूळची करून घेतली. तो निर्णय तिचा आणि तिच्या प्रशिक्षकांचा.

जाताना क्लॅम्पच्या दोन्ही कडांना लिंबवर पांढऱ्या पेंट मार्करने रेघ मारून दिली, म्हणजे क्लॅम्प सरकला तर दिसेल. दोरी नवी असल्याने ती पुन्हा लांबणार हे गृहीत धरून, काही दिवस रोज सरावाआधी काटे दाबून बघायला सांगितलं, आणि ठळक झोल दिसला तर वर सांगितल्याप्रमाणे तोच क्लॅम्प, तेवढंच ताणणं. आणखी एक गोष्ट तिच्या वहीत लिहून दिली, कारण पुढच्या मोसमात ती ड्रॉ वेट वाढवणार आहे. लिंब बोल्ट फिरवले की लिंबची जागा बदलते आणि या रेस्टची दोरी पुन्हा बांधावी लागते. बोल्ट आधी, दोरी नंतर, पावडर सगळ्यात शेवटी.